अण्णा दिल्लीला चालले, मी कुठे जाऊ?

पत्र थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि पक्षाचं नाव मुद्दाम काढलंय):

सोलापूरच्या पूर्व भागातला २९ वर्षांचा मुलगा. बी.कॉम. झालाय. वडील पॉवरलूमवर होते, आता तब्येतीमुळे घरीच असतात, आई बिड्या वळते. कॉलेजात असल्यापासून तो भागातल्या एका नगरसेवकाबरोबर काम करतोय, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. आधी बॅनर, सतरंज्या, मतदारयाद्या, मग अण्णांचा फोन, मग अण्णांचं ऑफिस. मधल्या काळात अण्णा महापौर झाले. आता पक्षाने त्यांना दिल्लीत राष्ट्रीय पातळीवरची जबाबदारी दिलीय, पुढे राज्यसभेचंही बोललं जातंय. अण्णा म्हणाले, "चल माझ्याबरोबर, तुझं मी बघतो." पगाराचा विषय निघाला नाही. इथेही पगार कधी नव्हता, हातखर्च मिळायचा. मुलाचं लग्न ठरलंय, होणारी बायको सोलापुरातच नर्स आहे. पुण्याचा आतेभाऊ एका कंपनीत अकाउंट्सची नोकरी लावून देतो म्हणतोय. मित्रांचं म्हणणं, इथेच थांब आणि पुढच्या वेळी स्वतः उभा राहा. तो लिहितो: "ताई, महापौर असताना अण्णा म्हणजे शहराचे मालक होते, आता देशाच्या कारभारात जातील, त्यांच्याबरोबर गेलो तर माझंही भलं होईल. नाही गेलो तर लोक गद्दार म्हणतील. गेलो तर वॉर्ड तुटेल. मी काय करू?" पत्राच्या शेवटी त्याने जाता जाता एक ओळ लिहिलीय, की रविवारी तो भागातल्या बायकांचे निराधार पेन्शनचे आणि पीएफचे फॉर्म भरून देतो, ते आता कोण करणार.

उत्तर:

अरे, तू मला ताई म्हणालास आणि मी वयाने बरीच मोठी आहे, त्यामुळे सरळ तू म्हणते.

तुझं पत्र मोठं आहे, पण त्यात तू फार कमी आहेस. पानंच्या पानं अण्णा काय म्हणाले, अण्णांनी काय केलं, अण्णा कुठे चालले, आणि तुझं स्वतःचं काम एका ओळीत, तेही शेवटी, जसं काही ते कामच नाही. मला त्या ओळीपासूनच सुरुवात करायचीय, पण आधी तुझ्या डोक्यात जे पक्कं बसलंय त्याबद्दल बोलू, कारण असाच विचार करणारी मुलं मला प्रत्येक पक्षात दिसतात आणि त्यांची काळजी वाटते.

तू म्हणतोस अण्णा शहराचे मालक होते. तू नऊ वर्षं आत बसून सगळं बघितलंयस, तर जरा आठव. महापौर ही लोकांनी थेट निवडलेली व्यक्ती नसते, नगरसेवक त्यांना निवडतात, मुदत अडीच वर्षांची, आणि कोणत्या प्रवर्गाला पद मिळणार हे मंत्रालयातली सोडत ठरवते. १९४९ च्या महापालिका कायद्याप्रमाणे प्रशासनाचे अधिकार आयुक्तांकडे असतात, खर्चाचे मोठे प्रस्ताव १६ जणांच्या स्थायी समितीतून जातात, महापौर सर्वसाधारण सभा चालवतात. म्हणजे महापालिकेच्या इमारतीत, इंद्रभुवनात, अण्णांच्या केबिनबाहेर जी गर्दी असायची ती सहीच्या अधिकारामुळे नव्हती रे. माणूस भेटतो, ओळखतो, झोन ऑफिसला फोन लावतो आणि समोरचा तो फोन उचलतो, म्हणून ती गर्दी होती. चार दिवसांनी पाणी येणार होतं ते आलं नाही, चेंबर तुंबलंय, घंटागाडी गल्लीत येत नाही, अशा वेळी लोकांना कायदा नको असतो, माणूस हवा असतो, आणि अण्णा तो माणूस होते. ती खरी ताकद होती आणि मी तिला अजिबात कमी लेखत नाही.

पण ही ताकद सामानासारखी बॅगेत भरून दिल्लीला नेता येत नाही. तिथे अण्णांना चेंबरवरून फोन येणार नाहीत, आणि आले तरी ते काही करू शकणार नाहीत. देशभरातून आलेले कितीतरी माजी महापौर, माजी आमदार, माजी मंत्री त्या शहरात आपापल्या जागेसाठी झगडत असतात, त्यातले अण्णा एक असतील. त्यांना पुन्हा शून्यापासून ओळख करून घ्यावी लागेल, हिंदीत, इंग्रजीत, ज्यांना पूर्व भाग कुठे आहे ते माहीत नाही अशा लोकांशी. अण्णा ते करतील कदाचित, हुशार आहेत, पण त्यांच्याबरोबर तुझं "भलं होईल" हे आपोआप होणार आहे असं समजू नकोस.

दुसरं, महापौर आणि मग दिल्ली, हा रस्ता तुला सरळ चढणीचा वाटतोय. जे त्या रस्त्याने गेले त्यांच्याकडे बघ. मनोहर जोशी १९७६ मध्ये मुंबईचे महापौर झाले आणि लोकसभेचे अध्यक्ष झाले २००२ मध्ये, मधे मुख्यमंत्रिपद आलं, केंद्रीय मंत्रिपद आलं, आणि २००४ ला लोकसभेची निवडणूक हरले. वंदना चव्हाण १९९७ ला पुण्याच्या महापौर होत्या, राज्यसभेत गेल्या २०१२ ला. संजीव नाईक १९९५ ला नवी मुंबईचे पहिले महापौर, खासदार २००९ ला. भागवत कराड औरंगाबादचे महापौर होते, ती गोष्ट २०२० च्या कितीतरी आधीची, २०२० ला राज्यसभा आणि २०२१ ला थेट अर्थ राज्यमंत्री. आणि मुरलीधर मोहोळ बघ, २०१९ ला पुण्याचे महापौर, २०२४ ला खासदार आणि लगेच केंद्रात राज्यमंत्री. नरेश म्हस्के ठाण्याचे महापौर होते, तेही २०२४ ला लोकसभेत गेले. कुणाला पाच वर्षं, कुणाला पंचवीस. तू यातला फक्त मोहोळांचा वेग डोळ्यासमोर ठेवतोयस असं मला वाटतं, कारण तो ताजा आहे. मधली वर्षं नेत्याला निभावता येतात, त्याच्याकडे घर असतं, संस्था असते, धंदा असतो, नातेवाईक असतात. त्याची बॅग धरणाऱ्या पोराकडे त्या मधल्या वर्षांत काय असतं, हा प्रश्न या यादीत कुठेच दिसत नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवत नाही. मला तुझ्या बाबतीत तोच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतो.

आणि अण्णांच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे जी सोलापूरच्या बाहेरच्या माणसाला सांगावी लागेल. आपला लोकसभा मतदारसंघ २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव आहे. तू अण्णांबद्दल जे लिहिलंस त्यावरून त्यांना इथून लोकसभा लढवता येणार नाही, शेजारच्या माढा मतदारसंघात आपलं शहर येत नाही, त्यामुळे दिल्लीला जायचं तर पक्ष नेईल त्या वाटेने, संघटनेतून किंवा राज्यसभेतून. राज्यसभेला आमदार मत देतात. म्हणजे अण्णांचं पुढचं सगळं पक्षातल्या मोजक्या लोकांच्या मर्जीवर आहे, वॉर्डातल्या मतांवर नाही. मतदारसंघांची नवीन रचना झाली की राखीव जागा बदलू शकतात, पण त्या भरवशावर आज घरदार हलवायचं नसतं.

सोलापूरला दिल्ली काही नवीन नाही. सुशीलकुमार शिंदे इथल्या कोर्टात पट्टेवाले होते, मग फौजदार झाले, पुढे मुख्यमंत्री, केंद्रात ऊर्जामंत्री आणि गृहमंत्री. इतक्या उंचीवर गेलेला माणूस २०१४ ला आणि २०१९ ला याच शहरातून हरला. मी हे कुणाला कमी दाखवायला लिहीत नाहीये, एवढंच सांगतेय की दिल्लीतली उंची आणि गल्लीतली मतं हे दोन वेगळे हिशेब आहेत, आणि एक सांभाळताना दुसरा सांभाळणारं कुणीतरी इथे लागतं.

आता उलट बाजू. मित्र म्हणतात तसं "दिल्लीत काय ठेवलंय" हेही मला पटत नाही. दिल्लीत खूप काही आहे, आणि ते तुझ्या घरापर्यंत येतं. तुझ्या आईचंच बघ. बिडीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ करायचं सप्टेंबर २०२५ मध्ये ठरलं, ते जीएसटी कौन्सिलने ठरवलं. बिडी कामगारांच्या दवाखान्यांना आणि मुलांच्या शिष्यवृत्तीला ज्या सेसमधून पैसा यायचा तो सेस जीएसटी येताना बंद झाला, तो निर्णय संसदेतला. पीएफच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ ला १००० रुपये ठरली, आयुष्यभर बिड्या वळलेल्या बाईच्या हातात शेवटी एवढंच येतं, आणि ते वाढवायचं असेल तर ते इंद्रभुवनात होणार नाही, जिल्हाधिकारी कार्यालयात होणार नाही, मुंबईतही नाही. टॉवेल निर्यातीचे प्रश्न, सुताचे भाव, सगळ्याची एक दोरी दिल्लीत आहे. तू रविवारी ज्या बायकांचे फॉर्म भरतोस त्यांची अडचण शेवटी जिथे अडते ते ठिकाण अण्णांना आता जवळ होणार आहे. म्हणून मला अण्णांच्या जाण्याचा आनंद आहे, खरंच आहे. आपल्या भागातला, बिडी आणि लूम जवळून बघितलेला माणूस तिथे असायलाच पाहिजे.

फक्त तिथे जाऊन बसलं की कामं होतात असं नाही. विमानाचं उदाहरण घे, तो विषय आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेला आहे. होटगी रोडचं विमानतळ कित्येक वर्षं पडून होतं. विमानाच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी १५ जून २०२३ ला पाडली, ती महापालिकेने, त्यावरून शहर दोन भागांत फाटलं होतं, शेतकरी सभासदांचं दुःख खरं होतं आणि विमानसेवा मागणाऱ्यांची मागणीही खरी होती. आणि गोव्याचं विमान सुरू झालं २०२५ च्या जूनमध्ये, तेव्हा नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री कोण होते, तर पुण्याचे माजी महापौर मोहोळ. चिमणीचा निर्णय इथला, विमानाचा परवाना तिथला. इथलं टोक सुटलं असतं तर दिल्लीत कितीही ओळखी असून विमान उडालं नसतं, आणि तिथून परवानगी आली नसती तर इथे नुसताच राडारोडा राहिला असता.

याच्याही पुढचं उदाहरण सोलापूरजवळच्या कुंभारीचं रे नगर. असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची वसाहत, त्यातली १५,००० घरं १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. त्यामागे कम्युनिस्ट नेते आडम मास्तर, नरसय्या आडम, तीन वेळा आमदार झालेले, खासदार कधीच नाही, आणि केंद्रात सरकार त्यांच्या विरोधी विचाराच्या पक्षाचं. तरी केंद्राची योजना त्यांनी सोलापुरात आणली, कारण त्यांच्याकडे बिडी कामगार बायकांची यादी होती, कागद होते, आणि वर्षानुवर्षं त्याच एका मागणीच्या मागे लागायची चिकाटी होती. तुला त्यांचं राजकारण पटो न पटो, पण हे काम बघ. दिल्लीत राहिल्याशिवाय दिल्लीतलं काम करता येतं, जर इथला कागद पक्का असेल तर.

म्हणून मी त्या शेवटच्या ओळीकडे परत येते. निराधारचे फॉर्म, पीएफचे फॉर्म. कुणाचं नाव आधारवर वेगळं आणि पीएफच्या पासबुकात वेगळं, कुणाच्या जन्मतारखेचा घोळ, कुणाचा कारखाना बंद होऊन मालक सापडत नाही. हे तुला माहितीय. अण्णांना माहीत नाही, त्यांना एवढं माहितीय की तू ते निस्तरतोस. उद्या अण्णांना दिल्लीत या विषयावर बोलायचं झालं तर त्यांच्या हातात काय असेल? "आमच्याकडे फार अडचणी आहेत" एवढं वाक्य असेल. आणि तुझ्याकडे दोनशे बायकांची वही असेल तर तिथे एखादा अधिकारी मान वर करून बघेल. तू स्वतःला अण्णांचा माणूस समजतोस, मला वाटतं तुझ्याकडे अण्णांना सगळ्यात जास्त गरज असलेली वस्तू आहे आणि तुला त्याची किंमतच माहीत नाही.

आता पर्याय बघू.

पुढच्या वेळी स्वतः उभा राहा, हा मित्रांचा सल्ला. वाईट नाही, पण त्यांनी वेळेचा हिशेब केलेला नाही. २०१७ ला पालिकेची निवडणूक झाली, मार्च २०२२ ला मुदत संपली, मग प्रशासक, आणि पुढची निवडणूक उजाडली जानेवारी २०२६ मध्ये. जे पोरगं २०२२ ची तयारी करून बसलं होतं त्याने ती चार वर्षं कशी काढली असतील विचार कर. आता पुढची २०३१ च्या आसपास, तेव्हा प्रभाग कसा असेल, जागा कुणासाठी राखीव निघेल, सगळं सोडतीवर. त्यामुळे "निवडणूक लढवायचीय" हे पाच वर्षं पोट भरण्याचं उत्तर होत नाही. लढ, पण त्या आधीच्या पाच वर्षांचं उत्पन्न आधी ठरव.

पुण्याची नोकरी. तू त्याबद्दल इतकं घाईघाईत लिहिलंस की जणू ती पळवाट आहे. पळवाट नाही ती. घरात आजारी वडील, आई बिड्या वळतेय, लग्न तोंडावर, अशा माणसाने पगाराची नोकरी घेतली तर त्यात लाज कसली. राजकारणात पुन्हा येता येतं, बाहेर कमावून आलेला माणूस तर जास्त ताठ मानेने येतो, कारण त्याला कुणाच्या हातखर्चाची वाट बघावी लागत नाही. फक्त तू पुण्यात गेलास तर भागाशी नातं सैल होणार हे मान्य करून जा, शनिवार-रविवारी येऊन सगळं सांभाळीन असं स्वतःला सांगू नकोस, लग्नानंतर ते होत नाही.

दिल्ली. जायचं असेल तर अण्णांशी बसून बोल, गाडीत नाही, लोकांसमोर नाही, दोघंच. आणि नऊ वर्षांत जे विचारलं नाहीस ते विचार. माझं काम नेमकं काय असेल? फोन धरायचा आणि विमानतळावर आणायला जायचं, की कागद तयार करायचे? महिन्याला किती, कुठल्या तारखेला, कुणाकडून? राहायचं कुठे, की महाराष्ट्र सदनात जागा मिळेल तेवढे दिवस आणि मग बघू? "तुझं मी बघतो" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, मी अण्णांच्या मनावर शंका घेत नाही, पण दिल्लीत गेल्यावर त्यांचंच कोण बघणार हे त्यांना अजून ठाऊक नाही. पक्षाच्या पदाला पगाराची माणसं मिळतातच असं नाही. उद्या ते खासदार झाले तर गोष्ट वेगळी, खासदाराला कार्यालयासाठी भत्ता असतो आणि त्यातला ठराविक भाग मदतनीस म्हणून नेमलेल्या माणसाला संसदेच्या सचिवालयाकडून थेट मिळतो. तेव्हा अण्णांना आजच सांगून ठेव, की तशी वेळ आली तर ते नाव माझं असेल का. असं विचारणं म्हणजे हावरटपणा नाही. नऊ वर्षं काम केलेल्या माणसाचा तो साधा हक्क आहे आणि तो मागायला तू घाबरतोस याचं मला वाईट वाटतं.

आणि शिकून जा. संसदेत प्रश्न विचारायचा तर किमान १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकितला लेखी उत्तर येतं, आणि ती लेखी उत्तरं संसदेच्या वेबसाइटवर सगळ्यांना वाचायला असतात. बिडी कामगार, पॉवरलूम, ईपीएफ असे शब्द टाकून जुनी उत्तरं शोध, आज रात्रीच शोध, फुकट आहे. कुठल्या खासदाराने काय विचारलं, मंत्र्याने काय टाळलं ते कळेल. खासदार निधी वर्षाला ५ कोटी, राज्यसभेचा सदस्य तो राज्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात देऊ शकतो, मग सोलापूरसाठी मागायचं काय, याची यादी आत्ता तयार असली पाहिजे. इंग्रजी वाचून समजलं पाहिजे, हिंदीत पत्र लिहिता आलं पाहिजे. बी.कॉम. केलेल्या मुलाला हे जमतं, भीती मोडायला काही महिने जातात एवढंच. वयाची पंचविशी ओलांडली नसेल अशा वाचणाऱ्या मुलामुलींसाठी सांगते, पीआरएस नावाची संस्था खासदारांबरोबर काम करायची लॅम्प फेलोशिप देते, मानधनासह. तुझं वय निघून गेलंय, पण तुझ्यासारखं कुणी गल्लीत असेल तर त्याला सांग.

गद्दारीचं ओझं मात्र मनातून काढ. अण्णांबरोबर न जाणं ही गद्दारी नाही. अण्णांच्या मागे त्यांच्या विरोधात फोन करणं ही गद्दारी, त्यांचे कागद दुसऱ्याला देणं ही गद्दारी. "अण्णा, मी इथे थांबतो आणि इथला कागद तुम्हाला दिल्लीत पोचवतो" असं तोंडावर सांगणाऱ्या माणसाला गद्दार म्हणणारे लोक स्वतः आतापर्यंत दुसऱ्या कुणाच्या तरी ऑफिसात बसायला लागले असतील. आणि अण्णा दुखावले तर दुखावतील थोडे दिवस. तुला त्यांनी लहानाचं मोठं केलंय, त्यांच्या मनात मुलासारखी जागा असेल तर ते समजून घेतील, आणि ती जागा नसेल तर दिल्लीत जाऊन ते कळण्यापेक्षा इथेच कळलेलं बरं.

माझं मत विचारशील तर, तू लगेच दिल्लीला जाऊ नयेस. अण्णांनी आधी सहा महिने तिथे पाय रोवावेत. तोपर्यंत तू सोलापुरात थांब, पण अण्णांचं ऑफिस चालवणारा म्हणून हातखर्चावर थांबू नकोस. टॅक्स सल्लागाराकडे, जीएसटीच्या कामात, पीएफ सल्लागाराकडे, तुझ्या बी.कॉम.ला आणि तुझ्या फॉर्म भरण्याच्या हाताला इथेही पगार मिळेल. पुण्याइतका नसेल. पण तुझी होणारी बायको इथे नोकरी करतेय, दोघांचं मिळून घर चालतं का ते कागदावर मांड, आणि ते तिच्याबरोबर बसून मांड. एवढ्या मोठ्या पत्रात तिचं मत काय हे तू एकदाही लिहिलं नाहीस. नर्सची ड्यूटी करणाऱ्या मुलीला नवऱ्याने दिल्लीला किंवा पुण्याला जावं असं वाटतं का, तिला बदली किंवा नवी नोकरी शोधावी लागेल का, तुझ्या आजारी वडिलांची जबाबदारी न बोलता तिच्यावर पडणार आहे का, हे तिला विचारायच्या आधी तू अण्णांना "येतो" म्हणालास तर ते बरोबर होणार नाही.

रविवारचं काम थांबवू नकोस, फक्त आता ते नीट लिहून ठेव. प्रत्येक बाईची अडचण, कुठल्या ऑफिसात अडली, किती दिवस अडली, कुठला कागद मागितला. तिच्या परवानगीशिवाय आधारचे फोटो कुणाला पाठवू नकोस, अण्णांनाही नाही. वही पक्षाच्या ऑफिसात ठेवू नकोस, तुझ्या घरी ठेव. आणि एकटा करू नकोस, भागातल्या बारावी झालेल्या दोन-तीन मुली शोध, त्यांना शिकव, त्या तुझ्यापेक्षा चांगलं करतील आणि बायका त्यांच्याशी जास्त मोकळं बोलतील. मग तू दिल्लीला गेलास काय किंवा पुण्याला, तुझ्या त्या "कोण करणार" ला उत्तर असेल.

सहा महिन्यांनी अण्णांचं तिथे बस्तान बसलं, कामाचं स्वरूप आणि पगार ठरला, तर एक अधिवेशनभर जाऊन बघ, हिवाळी अधिवेशन छोटं असतं, महिनाभरातलं. कर्नाटक एक्स्प्रेसने जा, काम बघ, स्वतःला विचार की हे मला आवडतंय का, का मला फक्त अण्णांच्या शेजारी उभं राहायला आवडतं. दोन्ही उत्तरं चालतील, पण खरं उत्तर दे.

ज्यांचे साहेब, दादा, ताई आता कुठल्या ना कुठल्या मोठ्या पदावर चाललेत आणि जे मागे उभे आहेत, त्या सगळ्यांनी एक काम या आठवड्यात करावं. आपल्या मोबाईलमधले शेवटचे पन्नास कॉल बघा. त्यातले किती जण तुमच्याकडून साहेबांचा नंबर मागायला फोन करत होते आणि किती जण तुमच्याकडे काम घेऊन आले होते. दुसरी संख्या मोठी असेल तर साहेब गेल्यावर फोन वाजायचा थांबणार नाही. पहिली मोठी असेल तर लवकरात लवकर स्वतःच्या नावाचं काहीतरी काम हातात घ्या, मग ते रेशनकार्डाचं असो, शाळाप्रवेशाचं असो, सिव्हिलमध्ये पेशंटबरोबर उभं राहण्याचं असो.

तू आधी होणाऱ्या बायकोशी बोल, मग आई-वडिलांशी, मग अण्णांशी, या क्रमाने. अण्णांशी बोलणं झालं की काय ठरलं ते मला कळव. आणि तोपर्यंत पुण्याच्या आतेभावाला नाही म्हणू नकोस, महिनाभराची मुदत मागून घे.